मॅकबेथची राणी ग्रुओख: कादंबरीचा आराखडा, चुका काढून हव्यात

पागोळी

शेक्सपियरच्या नाटकात जिला स्वतःचं नावही नाही, त्या लेडी मॅकबेथचं खरं नाव ग्रुओख. अकराव्या शतकातल्या आल्बाची, म्हणजे तेव्हाच्या गेलिकभाषक स्कॉटलंडची राणी. तिच्यावर मराठीत कादंबरी बेतली आहे. आराखडा असा:

१०३२ मध्ये तिचा पहिला नवरा, मरी प्रांताचा मोरमेर (म्हणजे प्रांताचा अधिपती) गिला कोमगान, पन्नास माणसांसह जाळून मारला जातो. ग्रुओख तान्ह्या लुलाखला घेऊन किल्ल्याच्या भुयारातून निसटते. पुढे मॅकबेथशी लग्न. १०४० मध्ये वृद्ध राजा डंकन एल्गिनजवळ मारला जातो. मग स्कूनला राज्याभिषेक, तिच्या डोक्यावर मुकुट. हा कथेचा मध्य. त्यानंतर सतरा वर्षांचं राज्य, रोमची यात्रा, १०५७ ला नवरा गेला, १०५८ ला मुलगा गेला. शेवट तिच्या एकटेपणावर.

साधनं, घर, ताट, कपडे, नावं, जिथे घसरलं असेल तिथे सांगा. मुलाहिजा नको.

टिपणवही

आधी हाताशी काय आहे ते मोजू, मग आराखडा.

ग्रुओखचं नाव एकाच जुन्या दस्तात येतं. लॉख लेव्हन तळ्यातल्या बेटावर केली डे ('देवाचे सेवक') म्हणवणाऱ्या भिक्षूंचा मठ होता, त्याला किर्कनेस गाव दिल्याची ती नोंद. आज मिळतो तो सेंट अँड्रूजच्या मठाच्या दप्तरात नंतर उतरवलेला लॅटिन गोषवारा. त्यातली ओळ: फिनलाखचा पुत्र मॅकबेथ आणि बोइतेची कन्या ग्रुओख, स्कॉटांचे राजा आणि राणी. झालं, एवढंच.

बाकी सगळं म्हणजे तिच्या भोवतालच्या पुरुषांच्या मरणनोंदी. त्या मुख्यतः अल्स्टर आणि टिगर्नाख यांच्या आयरिश अ‍ॅनल्समध्ये, म्हणजे सालवार नोंदींत, आहेत. त्यांना बखर म्हणू नका. आपल्याकडची शकावली आठवा, जेधे शकावलीसारखी: साल, नाव, मेला की मारला गेला, पुढची ओळ. बखरीचा मसाला पडतो तो पुढच्या शतकांतल्या इतिहासकारांकडून. बँको (नाटकातला मॅकबेथचा सोबती) हा त्या मसाल्यातला, १५२७ च्या हेक्टर बोइसच्या इतिहासातून आलेला. तुमच्या आराखड्यात तो नाही हे पाहून बरं वाटलं.

सालवारी अशी लावा. १००५: केनेथ तिसरा (बहुतेक अभ्यासक याला ग्रुओखचा आजा मानतात) मारला जातो, माल्कम दुसरा गादीवर. १०२०: मॅकबेथचा बाप फिनलाख मारला जातो, मारणारे त्याचे सख्खे पुतणे. १०३२: गिला कोमगान जाळला जातो. तो त्याच पुतण्यांच्या घरातला, म्हणजे मॅकबेथचा चुलतभाऊ. १०३३: माल्कम बोइतेच्या नातवाला मारतो. १०३४: माल्कम ग्लाम्झला मरतो, त्याच्या मुलीचा मुलगा डंकन राजा होतो. १०४०, १४ ऑगस्ट: डंकन जातो. १०४५: डंकनचा बाप क्रीनान, डंकेल्डचा मठाधिपती, लढाईत पडतो. १०५०: रोम. १०५४, २७ जुलै: नॉर्थम्ब्रियाच्या सिवर्डची स्वारी. १०५७, १५ ऑगस्ट: लम्फॅननला मॅकबेथ पडतो. १०५८, १७ मार्च: स्ट्रॅथबोगीतल्या एसीला लुलाख मारला जातो.

आता चुका. डंकन म्हातारा नव्हता. टिगर्नाखच्या शकावलीत तो कोवळ्या वयात मारला गेला असं आहे. पांढऱ्या दाढीचा भला राजा ही रंगभूमीची देणगी. आणि तो पाहुणा म्हणून झोपेत मेला नाही. आपल्याच माणसांकडून मारला गेला एवढंच शकावली म्हणते. आदल्या वर्षी डरहॅमला वेढा घालून तो तोंडघशी पडला होता, त्यामुळे मरीवर चालून जाणं ही त्याची पत सावरायची धडपड होती असं दाखवलंत तर शोभेल.

रातकिडा

थोडक्यात, भाऊबंदकी. आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

पागोळी

डंकन तरुण करते. पण टिपणवहीकाका, १०३३ चा 'बोइतेचा नातू' म्हणजे ग्रुओखचाच दुसरा मुलगा असं धरलं तर? माल्कमवरचा सूड तिथून सुरू होतो.

अधोरेखित

तसं धरता येणार नाही, आणि कारण व्याकरणात आहे. शकावलीत शब्द आहेत 'मक मिक बोइते', म्हणजे मुलाचा मुलगा. पौत्र. ग्रुओखचा मुलगा बोइतेचा दौहित्र झाला असता आणि त्याला गेलिकमध्ये 'मक इंगिने', लेकीचा मुलगा, म्हटलं असतं. लुलाखच्याच लेकीचा मुलगा ऑइन्गस, जो ११३० मध्ये मारला गेला, त्याची नोंद तशीच आहे. म्हणजे १०३३ ला मेला तो ग्रुओखचा भाचा.

उलट लॅटिनमध्ये सगळा गोंधळ. राजांच्या एका यादीत लुलाखला बोइतेच्या मुलाचा 'नेपोस' म्हटलंय. नेपोस म्हणजे नातूही आणि भाचा-पुतण्याही. इथे भाचा घेतला तर लुलाखची आई बोइतेची मुलगी ठरते, आणि ती ग्रुओख असं मानलं जातं. ग्रुओखचं पहिलं लग्न, म्हणजे तुमच्या कादंबरीचा अख्खा पहिला भाग, या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. कादंबरीला तेवढा आधार पुरेसा आहे. प्रस्तावनेत मात्र 'इतिहास सांगतो' असं लिहू नका.

टिपणवही

अचूक. आणि हेच धरून तिचं वयही काढून घ्या. लुलाखचा मुलगा माएल स्नेख्ताइ १०८५ मध्ये मरीचा राजा म्हणून मरतो, शिवाय लुलाखला एक लेकही होती. म्हणजे १०५८ मध्ये मरताना लुलाख कच्चं पोर नव्हता, पंचविशी गाठलेला तरी असेल. तो १०३२ च्या आसपासचा धरला, तर ग्रुओख साधारण १०१० ते १०१५ मधली. डंकन मेला तेव्हा ती पंचवीस ते तिशीची. रंगमंचावरची पन्नाशीची करारी बाई डोक्यातून काढा.

आणि शेवट एकटेपणावर का? नातू मरीचा राजा झाला. डीअरच्या मठाच्या पोथीत, समासातल्या गेलिक टिपणांत, त्यानं मठाला जमीन दिल्याची नोंद आहे. आजी आणि नातू, दोघांचीही कागदावरची खूण जमिनीच्या दानाची. हे फुकट मिळालेलं आहे, घ्या की.

घरकूड

किल्ला आणि भुयार दोन्ही पाडा. दगडी किल्ले तिथे बाराव्या शतकापासून पुढचे, आणि ते नॉर्मन पद्धतीबरोबर आलेले. कॉडरचा प्रसिद्ध किल्ला चौदाव्या-पंधराव्या शतकातला. लम्फॅननला मॅकबेथची गढी म्हणून दाखवतात तो मातीचा उंचवटा तेराव्या शतकातला, आणि त्याची समाधी म्हणतात ती दगडांची रास तर ब्राँझयुगातली.

मोरमेरचं घर म्हणजे लाकडी खांबांचा लांब दिवाणखाना. कोकणातला कूड ज्यानं पाहिलाय त्याला निम्मं आपोआप कळेल: हेझलच्या किंवा विलोच्या फोका विणून भिंत, वर शेण, माती आणि गवत कालवून लिंपण. छप्पर हेदर (माळावरचं झुडूप), बोरू किंवा पेंढ्यानं शाकारलेलं, कुठे कुठे गवताच्या ढेपांचं. मधोमध चूल. धुराडं नाही, धूर छपरातून झिरपून जातो. खिडकीला काच नाही. रात्रीचा उजेड म्हणजे चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची काडी. मेणबत्ती देवळात.

आता जाळण्याचा प्रसंग, कारण तिथेच बहुतेक लेखक फसतात. सरदार मशाल फेकतो आणि छप्पर भडकतं, असं त्या हवेत सहसा होत नाही. बाहेरून शाकारणी बहुतेक वेळा ओलसर, मशाल विझायचीच शक्यता जास्त. पण आतली बाजू वर्षानुवर्षं चुलीच्या धुरानं वाळून डांबरासारखी काळी झालेली असते. ती पेटली की थांबत नाही. म्हणजे आग आतून किंवा वळचणीखालून लागते. दार बाहेरून अडवलेलं. माणसं ज्वाळेनं मरायच्या आधी धुरानं पडतात. पन्नास माणसं एका छपराखाली होती याचा अर्थ मेजवानी, सभा किंवा मुक्कामाला आलेली टोळी. रोजच्या रात्री घरात एवढे लढवय्ये झोपत नाहीत. म्हणून प्रसंगाआधी मेजवानीची तयारी दाखवा. आणि ग्रुओख आत होती की नव्हती, हे ठरवा. आत असेल तर तान्ह्या पोरासकट ती वाचली कशी याचं उत्तर भुयारानं देता येणार नाही.

रातकिडा

ती नव्हतीच घरात. उन्हाळा आहे, ती गुरांबरोबर डोंगरावर आहे. सुटला प्रश्न.

जातंउखळ

विनोदानं लिहिलंय, पण उत्तर चांगलं आहे. मे ते ऑगस्ट गुरं उंचावरच्या कुरणांत हलवायची रीत होती. बायका-पोरं तिथे झोपड्यांत राहून लोणी आणि चीज करत. मोठ्या घरची बाई स्वतः धार काढणार नाही, पण वर्षभराचं लोणी तिच्या हिशेबातलं, त्यामुळे तिचं तिथे असणं पटतं. डोंगरावरून खाली खोऱ्यात धुराचा खांब दिसतो, आणि तिला आधी वाटतं भट्टी पेटली.

भट्टी म्हणजे धान्य वाळवायची. तिथल्या दमट हवेत ओट आणि जव शेतात पुरते वाळत नाहीत, आणि ओलसर दाणा जात्यात चिकटून लगदा होतो. म्हणून दगडी खड्डा, त्याला लांब नळकांडं. नळकांड्याच्या टोकाला मंद जाळ, खड्ड्यावर फांद्यांची जाळी, जाळीवर पेंढा, पेंढ्यावर दाणा. जाळ जरा मोठा झाला की ठिणगी नळकांड्यातून पेंढ्याला लागते आणि धान्यासकट सगळं जातं. असे जळके दाणे उत्खननांत सापडतात. त्यामुळे खोऱ्यातला धूर पाहून 'भट्टी गेली वाटतं' हा पहिला विचार अगदी नैसर्गिक. फक्त महिना सांभाळा: भट्टी कापणीनंतर चालते, उन्हाळ्याच्या भरात नाही. तेव्हा प्रसंग ऑगस्टच्या शेवटी ठेवा. लवकर पिकलेलं जव भट्टीवर, गुरं अजून वर. शकावलीत महिना नाही, तुम्हाला मोकळीक आहे.

ताटाचं सांगून टाकते. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, रॅबिट, म्हणजे बिळात राहणारा ससा, नाही (तो नॉर्मनांबरोबर आला), व्हिस्की नाही. तिथल्या दारू गाळण्याची पहिली लेखी नोंद १४९४ ची. आहे ते असं: ओटची आणि जवाची भाकरी तापल्या दगडावर भाजलेली, जवाची पेज, ताक, निवळी, चीज, खारवलेलं लोणी, कांद्यासारखी लीक, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी), हेझलच्या बिया, मध, सामन, हेरिंग. नोव्हेंबरात चारा पुरणार नाही तेवढी गुरं कापायची आणि मांस खारवायचं, म्हणून हिवाळ्यात ताजं मांस म्हणजे हरण. जवाची बीअर रोजची. तिच्यात हॉप्स (बीअर टिकवणारी कडू फुलं) नसत, त्यामुळे ती थोड्याच दिवसांत आंबून जाते आणि सतत नवी करावी लागते. द्राक्षाची दारू बाहेरून येई, प्रार्थनेसाठी आणि थोरांसाठी. दळायला हातजातं, आपल्यासारखंच दोन तळ्यांचं. त्या पानावर वाचकाला काहीही समजावू नका, नुसतं 'जातं' लिहा.

सूतगुंडी

कपडे. किल्ट नको, प्लेडही नको. कमरेला पट्टा बांधून नेसायचं लांब प्लेड सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचं, आखूड किल्ट अठराव्यातला, घराण्यागणिक ठरलेले चौकडे एकोणिसाव्यातले. ग्रुओखच्या अंगावर दोन गोष्टी: लेने, म्हणजे तागाचा लांब अंगरखा, आणि ब्रात, म्हणजे लोकरीची आयताकृती शाल, पिनेनं अडकवलेली. श्रीमंती कळते ती रंगावरून, काठावरून आणि पिनेवरून.

एका ब्रातीचा हिशेब घ्या. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, सेंटीमीटरला १० धागे. ताणा १५०० धागे गुणिले २ मीटर, म्हणजे ३००० मीटर. बाणा २००० धागे गुणिले दीड, तेही ३०००. एकूण ६ किलोमीटर सूत, मागावर वाया जाणारं वेगळं. टकळीवर सरावलेला हात तासाला ४० मीटर काढतो असं धरलं तर दीडशे तास नुसत्या कताईचे, विणकाम पुढे. चरखा तिथे तेव्हा नव्हता. म्हणून बायकांच्या हातात टकळी सदैव: चालताना, बोलताना, गुरांमागे. तुमच्या प्रत्येक संवादात हात मोकळे आहेत, ते भरा. आणि 'तिनं शाल रागानं आगीत फेकली' असं कुठे असेल तर काढा. एवढे तास कुणी आगीत टाकत नाही.

रंग वनस्पतींचे: निळा वोडचा, तांबडा मंजिष्ठेच्या जातीचा, पिवळा वेल्डचा. जांभळट रंग खडकावरच्या दगडफुलासारख्या शेवाळापासून, आणि ते शिळ्या मुतात आठवडेच्या आठवडे, रोज ढवळत मुरवावं लागतं.  राणीच्या जांभळ्या वस्त्राचं वर्णन करताना हा वास आठवणीत असू द्या.

पागोळी

सूतगुंडीताई, शाल खरंच आगीत गेली होती. काढली.

राज्याभिषेकाबद्दल कुणीच बोललं नाही. तो राहू दे ना?

टिपणवही

तो जाणारच. आल्बाचा राजा मुकुटानं आणि तेलानं होत नसे. स्कूनच्या टेकडीवर दगडावर बसवून होत असे. तेराव्या शतकात, १२४९ च्या नोंदीत, गेलिक कवी राजाची वंशावळ म्हणून दाखवतो. तो प्रकार जुना मानायला हरकत नाही. अभिषेक आणि मुकुट यांची परवानगी पोपकडून १३२९ मध्ये मिळाली आणि १३३१ मध्ये डेव्हिड दुसरा पहिला अभिषिक्त राजा झाला. शिरवाडकरांनी याच नाटकाचं मराठी रूपांतर केलं त्याचं नाव 'राजमुकुट', पण खऱ्या ग्रुओखच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा विधी तेव्हा नव्हता.

वंशावळीचं मात्र सोनं करा. कवी मॅकबेथचे पूर्वज मोजतोय, आणि सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की गादीवरचा अर्धा हक्क बाजूला उभ्या असलेल्या बाईकडून आलेला आहे. तिथे गादी बापाकडून थोरल्या मुलाकडे जात नसे. राजघराण्याच्या शाखा आलटून-पालटून राजा देत. माल्कमनं दुसरी शाखा छाटत आणली आणि लेकीच्या मुलाला बसवलं. छाटलेल्या शाखेतून उरली ग्रुओख.

अधोरेखित

नावांचं थोडं. स्कोन नाही, स्कून. मोरे नाही, मरी. ग्लॅमिस नाही, ग्लाम्झ. लॉखमधला ख घशातला, घर्षणाचा. मॅकबेथ हे आडनाव नाही, बापाचं नावही नाही. 'जीवनाचा पुत्र' असा अर्थ असलेलं ते पहिलं नाव आहे. त्यामुळे 'मॅकबेथ घराणं' असा शब्दप्रयोग नको. आधुनिक गेलिक उच्चार देवनागरीत उतरवला तर 'मक वेहा'च्या जवळ जातो आणि वाचक अडखळेल. सुदैवानं त्या काळात थ अजून थच होता. मॅकबेथच ठेवा.

माल्कम म्हणजे माएल कोलुम, 'संत कोलुमचा मुंडण केलेला भक्त'. माएल स्नेख्ताइ म्हणजे तसाच 'बर्फाचा भक्त'.

पदव्यांचं मराठीकरण जपून. मोरमेरला देशमुख म्हटलं की वतन, सनद, महसूल सगळं पाठोपाठ येतं. सुभेदार म्हटलं तर तो बदलीचा नोकर वाटतो, आणि मोरमेर तर घराण्यातला. मोरमेर तसाच ठेवा, तीन पानांत वाचक सरावतो. त्याच्या खालचा टोशेख मात्र 'नाईक' चालेल. 'लेडी', 'थेन' (सरदाराची पदवी), 'क्लॅन' टाळा. आणि 'केल्टिक राणी' हे फार तर मुखपृष्ठावर. तिला स्वतःला तो शब्द कळला नसता. गेलिक, वेल्श वगैरे भाषांना मिळून हे नाव अठराव्या शतकात पडलं. (सेल्टिक म्हणाल तर तो ग्लासगोचा फुटबॉल क्लब.)

घरकूड

मॅकबेथ आणि ग्रुओखचं लग्न नेमकं कसं दाखवणार? नवऱ्याला जाळणाऱ्याशी लग्न, हा पेच वाचक सहज सोडणार नाही.

टिपणवही

कोणी जाळलं हे शकावली सांगत नाही. दोन संशयित: मॅकबेथ, कारण गिला कोमगानच्या घरानं त्याचा बाप मारला होता, किंवा माल्कम, कारण बोइतेच्या जावयाला मरीत बळकट होऊ देणं त्याला परवडणारं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यानं बोइतेचा पौत्र मारला, हे लक्षात घ्या.

मला विचाराल तर लेखिकेनं मनाशी ठरवावं, पण ग्रुओखला कळू देऊ नये. पंचवीस वर्षं एका छताखाली राहूनही तिनं तो प्रश्न तोंडानं विचारला नाही, ही खरी कादंबरी.

विधवेनं नवऱ्याच्या चुलतभावाशी लग्न करणं त्या समाजात धक्कादायक नव्हतं. पुढच्या पिढीत माल्कम तिसऱ्याच्या राणीनं, मार्गारेटनं, चर्चच्या सभेत जे मोडून काढायचं ठरवलं त्यात मेलेल्या भावाच्या बायकोशी आणि सावत्र आईशी लग्न करण्याची रीत होती. म्हणजे ती चालत होती. लुलाख दुसऱ्या घरी वाढायला दिलेला दाखवा. आयरिश कायद्यांत मुलगा सतरापर्यंत आणि मुलगी चौदापर्यंत पालक घरी राहत असे. सावत्र बाप आणि मुलगा यांच्यात रोजचं वैर रंगवायची गरजच उरत नाही.

जातंउखळ

कायद्यावरून एक आकडा. स्कॉट आणि ब्रिटन लोकांच्या जुन्या कायद्यात, जो पहिल्या एडवर्डनं १३०५ मध्ये रद्द केला, माणसाच्या जिवाची भरपाई गाईंत दिलेली आहे. राजा १००० गाई, राजपुत्र किंवा अर्ल १५०, थेन १००, साधा शेतकरी १६. लग्न झालेल्या बाईची भरपाई नवऱ्याच्या एक तृतीयांशानं कमी. लग्न न झालेलीची भावाइतकी. मोरमेर अर्लच्या जागी धरला तर त्याची बायको असताना ग्रुओख १०० गाईंची, राणी झाल्यावर सहाशे सहासष्ट आणि वर दोन तृतीयांश. आज हातात असलेली प्रत नंतरची आहे, तेव्हा आकडे कुणाच्या तोंडी शपथेवर घालू नका. पण गाईत मोजणारं जग आहे हे विसरू नका. आल्बाच्या राजांची स्वतःची नाणी ११३६ च्या सुमारास, डेव्हिड पहिल्याच्या वेळी सुरू झाली. रोममध्ये मॅकबेथनं गरिबांना चांदी बियाण्यासारखी पेरली असं मारियानुस स्कोटुस हा त्याच काळातला भिक्षू-इतिहासकार लिहितो, ती चांदी परक्या राजांच्या मुखवट्यांची होती.

रातकिडा

दोन तृतीयांश गाय कोणाच्या गोठ्यात बांधायची?

सूतगुंडी

उजेडाचं कुणी सांगितलं नाही. एल्गिनला जूनमध्ये दिवस जवळपास १८ तासांचा, डिसेंबरात साडेसहाचा. आणि तेव्हाची जुलियन तारीख आजच्या पंचांगात सहा दिवस पुढे ढकलून वाचा: डंकन मेला तो १४ ऑगस्ट आपल्या २० ऑगस्टसारखा, लुलाखचा १७ मार्च २३ मार्चसारखा. म्हणजे लुलाख मेला तेव्हा दिवस-रात्र जवळजवळ सारखे, कुरणात गवत नाही, घोडी हाडकुळी. पाठलागाचा प्रसंग लिहाल तर घोडी दमलेली हवीत.

पागोळी

भुयार, किल्ला, मुकुट, शाल, म्हातारा डंकन, सगळं काढलं. मध्यबिंदू बदलला: राज्याभिषेकाच्या जागी आता किर्कनेसचं दान. त्यातला तुकडा टाकते, फाडा.

*होडी काठाला लागली. थोरल्या भिक्षूनं राजाला हात दिला; ग्रुओख स्वतःच उतरली. ब्रातीची कड पाण्यात भिजली आणि ओल्या लोकरीचा वास वर आला. झोपडीच्या दाराशी लिहिणारा बसला होता, मांडीवर कोरं चामडं.*

*'पुलाची वेठ नाही,' राजा म्हणाला. 'फौजेला माणूस नाही. शिकारीची वेठ नाही.' प्रत्येक 'नाही'ला भिक्षूंच्या माना हलत होत्या.*

*'आणि राणीसाहेबांचं नाव?' लिहिणाऱ्यानं राजाकडे बघत विचारलं.*

*टकळी फिरायची थांबली. 'बोइतेची लेक,' ग्रुओख म्हणाली. 'तसंच लिही.'*

*राजा तळ्याकडे बघत राहिला.*

टिपणवही

पूल, फौज, शिकार: तिन्ही सवलती दस्तातल्याच आहेत. छान उचलल्यात. बापाचं नाव तिच्या तोंडी देणं ही तुमची भर, पण दस्त तसाच आहे.

अधोरेखित

'राणीसाहेब' कोल्हापूरची वाटते. त्या भाषेत आदरार्थी बहुवचनच नव्हतं. लिहिणारा राजालाही 'तू'च म्हणेल. 'आणि राणीचं नाव?' एवढं पुरे.

सूतगुंडी

होडीतून उतरताना टकळी कुठे होती? आधी कमरेला खोचलेली दाखवा, मग झोपडीपाशी सूत धरू दे. उभ्यानं कातताना टकळी थांबली तर ती उलटी फिरून पीळ सुटतो, तेव्हा तिनं ती पटकन मुठीत धरली असं हवं.

घरकूड

दोन दुरुस्त्या. लिहिणारा थेट चामड्यावर लिहिणार नाही, चामडं महाग. आधी मेणाच्या पाटीवर टोचणीनं कच्चा मजकूर. दुसरं, बेटाचा आजचा नकाशा वापरू नका. १८३० च्या दशकात तळ्याची पातळी सुमारे दीड मीटरनं उतरवली, तळं पाऊणपट झालं. त्याआधी ते बेट बरंच लहान होतं. तुमच्या तुकड्यात काठापासून झोपडीचं दार हाकेच्या अंतरावर आहे, ते चुकून बरोबर आलंय. तसंच राहू द्या.